भीमगडच्या रानातली गावे : राहावे की निघावे?



गणपतीची सुट्टी संपून शाळा भरली की आमच्या वर्गातली दोन-तीन बाके आणखी एक-दोन दिवस रिकामीच असतात. ही मुले खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडून, पार रानातून, इथे शिकायला आलेली. कुणी वसतिगृहात राहते, कुणी मावशीकडे. मागे अशाच एका मुलाला उशिराचे कारण विचारले, तर तो म्हणाला, "सर, नाल्याला पाणी होतं." वर्ग हसला. शहरातल्या मुलाच्या मनात नाला म्हणजे मोठे गटार. त्याला पाणी आले म्हणून कुणाची शाळा का बुडावी? मुलगा मान खाली घालून बसला. चूक त्याची नव्हती, हसणाऱ्यांचीही फारशी नव्हती, आमची होती. भूगोलाच्या तासाला ॲमेझॉन आणि कांगो खोऱ्यातली वर्षावने आम्ही फळ्यावर रंगीत खडूंनी काढून शिकवतो. पण बेळगावहून सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणापर्यंत पोचता येईल अशा वर्षावनात आपले वर्गमित्र जन्मले, हे कधी सांगितलेच नाही. तो राहिलेला धडा आज घेऊ.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा उघडा. बेळगावच्या दक्षिणेला पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर मलप्रभेच्या काठी खानापूर सापडेल. बेळगावहून एक रस्ता जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्यात उतरतो. दुसरा खानापूरहून हेम्माडगा करत अनमोडकडे जातो. या दोन रस्त्यांच्या बेचक्यात, गोव्याच्या सरहद्दीपर्यंत, जो गडद हिरवा भाग दिसतो ते भीमगडचे रान. मधोमध शिवकालीन भीमगड किल्ला आहे, म्हणून हे नाव. आणि याच हिरव्या भागात, बारीक टिंबांनीही न दाखवलेली गावे आहेत : आमगाव, देगाव, तळेवाडी, गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर, मेंडील. घरे मोजकी आणि विखुरलेली, बोली मराठी. काही वाड्या गवळी धनगरांच्या, बाकीचे शेतकरी.

या भागाचे सगळे जगणे पावसावर बेतलेले आहे, म्हणून आधी पाऊस समजून घ्यावा लागतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने जड झालेले वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. घाट ओलांडून ते पूर्वेकडे येतात तेव्हा त्यांच्यात थोडेच उरलेले असते. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी बारा-तेराशे मिलीमीटर पाऊस पडतो. आणखी पूर्वेला सौंदत्तीकडे सहाशेच्या आसपास. आणि आमगावला? २०१० साली तिथे दहा हजार मिलीमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. मिलीमीटर म्हटले की आपल्याला ते पट्टीवरचे बारीक रेघेचे माप वाटते. म्हणून हिशेब करा. दहा हजार मिलीमीटर म्हणजे दहा मीटर. पडलेला थेंब न थेंब जागीच साठून राहिला असता तर तीन मजली घर बुडाले असते. अर्थात पाणी साठत नाही, ते धावते. ज्या वाटेने ते धावते तोच आपल्या मित्राचा नाला.

एवढ्या पावसात उभे असलेले रान वर्षभर हिरवे राहते. अंजन, जांभूळ, फणस, हिरडा, भिरंड, वेताची जाळी, बांबूची बेटे, झाडांवर चढलेल्या जाडजूड वेली. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, परीक्षेतही हमखास विचारली जाते : वर्षावन घनदाट असते म्हणून त्याची जमीन सुपीक असते असे नाही. इथली माती जांभ्या दगडाची, पातळ, पावसाने धुऊन काढलेली. सगळा कस पानांत आणि पानगळीच्या कुजलेल्या थरात असतो. झाड तोडले की तो कस दोन-चार पावसाळ्यांत वाहून जातो. पूर्वी इथले लोक कुमरी करत, म्हणजे रानाचा एक तुकडा तोडून, जाळून, राखेवर नाचणी घेत आणि मग ती जागा कित्येक वर्षे रानाला परत देऊन टाकत. इंग्रजी अमदानीत वनखात्याने कुमरीवर बंधने आणली. आता सखल भागात भात आणि उतारावर थोडी नाचणी, एवढीच शेती उरली आहे.

या रानात एक पाहुणा, खरे तर मालक, आणखी आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत एक दुर्मीळ वटवाघूळ राहते. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याचे पहिल्यांदा वर्णन केले आणि त्याला रॉटन या निसर्ग-अभ्यासकाचे नाव दिले. बरीच वर्षे साऱ्या जगात त्याचा हा एकच ठावठिकाणा माहीत होता. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळले. वाघ, गवे, अस्वले, शेकरू हेही इथले रहिवासी. रान राखले पाहिजे असे जे म्हणतात त्यांचे म्हणणे पोकळ नाही, हे कळावे म्हणून मुद्दाम सांगितले.

आता पाण्याकडे येऊ. कौलारू घराला दोन पाखी असतात. आढ्यावर पडलेल्या पावसाचा एक थेंब अंगणात जातो, शेजारचा परसात. खानापूरचा हा डोंगरमाथा तसाच आहे. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा पूर्वेला वळते, खानापूरवरून सौंदत्तीच्या धरणात जाते आणि पुढे कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. देगावच्या रानात उगवणारी म्हादई पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्राला मिळते. हुबळी-धारवाडचा नळ आणि पणजीच्या फेरीबोटी, दोन्ही या एकाच छपराच्या पाण्यावर. म्हणूनच या पाण्यावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात वाद आहे. २०१० साली त्यासाठी म्हादई जलतंटा लवाद नेमला गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने निवाडा दिला. त्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी आले. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवण्याची योजना त्यातलीच. गोव्याचा तिला विरोध आहे. त्या वादात आज आपण शिरणार नाही. आम्हाला दाखवायचे आहे ते वेगळेच. ज्या भांडुरा नाल्याच्या पाण्याचा हिशेब लवादापुढे वर्षानुवर्षे चालला, तोच नाला ओलांडायला काठावरच्या माणसांना पावसाळ्यात लाकडी साकवाचा आधार घ्यावा लागतो.

आम्ही काही शिक्षक उन्हाळ्यात, रीतसर परवानगी काढून, यातल्या एका गावी गेलो होतो. गावाचे नाव देत नाही. तिथल्या मंडळींनी मोकळेपणाने घरातल्या गोष्टी सांगितल्या, त्या नावानिशी छापणे बरे नव्हे. मे महिना होता आणि गावात नुसती धांदल. ओसरीला छतापर्यंत सरपण रचलेले. पावसाळ्याची बेगमी म्हणजे काय, ते आम्हाला तिथे कळले. तांदूळ, मीठ, मिरची, तेल, काड्यापेट्या, आणि एका पत्र्याच्या डब्यात तापाच्या, जुलाबाच्या गोळ्या. "नाल्याला पाणी चढलं की आम्ही बेटावर, सर," एक गृहस्थ म्हणाले. ज्यांच्या घरी बाळंतपण जवळ आलेले असते ते सूनबाईला पावसाआधीच खानापूरकडे नातेवाइकांकडे नेऊन ठेवतात. पूर्वी बाया पानांचे इरले पाठीवर घेऊन भाताची नट्टी करत. आता प्लास्टिकची खोळ असते. पीक पोटरीला आले की गवे आणि रानडुकरे येतात, म्हणून शेतात माळा बांधून रात्र रात्र जागायचे. नुकसानभरपाईची सोय आहे. पण तिच्यासाठी पंचनामा, कागद आणि खेटे आलेच, आणि खेटे घालायचे तर पुन्हा तो नाला आडवा.

शाळेचे काय? लहान मुलांसाठी गावात मराठी शाळा आहे. मुले इतकी थोडी की सगळे वर्ग एकाच खोलीत. पुढच्या इयत्तांसाठी घर सोडावे लागते. दहा-अकरा वर्षांचे मूल आईपासून दूर राहायला लागते ते इथून. तुमच्यापैकी जे रोज आईच्या हातचा डबा आणतात त्यांनी याचा क्षणभर विचार करावा. तरुण पोरे गोव्यात हॉटेलांत, कारखान्यांत किंवा बेळगावात कामाला आहेत. त्यामुळे उन्हाळ्यात भरलेले वाटणारे गाव पावसाळ्यात म्हाताऱ्यांचे आणि बायकांचे होते.

एका मुलाने पूर्वी निबंधात या गावांना 'मागासलेली' म्हटले होते. तो शब्द आम्ही खोडला. रानातला माणूस पन्नास झाडे नावानिशी ओळखतो आणि ढगाकडे पाहून नाला कधी चढेल ते सांगतो. त्याच्याकडे नाही ते दुसरेच काही आहे, आणि त्याचे मूळ कागदात आहे. जरा कंटाळवाणा वाटला तरी हा भाग नीट वाचा.

डिसेंबर २०११ मध्ये सुमारे १९० चौरस किलोमीटरचे हे रान भीमगड वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झाले. गावे होती तिथेच राहिली, पण आता ती अभयारण्याच्या पोटात आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अभयारण्यात रस्ता रुंद करणे, विजेची नवी तार ओढणे, रानातला मध किंवा हिरडा विकण्यासाठी गोळा करणे या सगळ्यांवर निर्बंध आले. कायद्याचा हेतू चांगला आहे. तो नसता तर हे रान कधीच लाकडाच्या वखारीत गेले असते. पण त्याचा भार सर्वांत जास्त कुणावर पडतो, हे पाहायला हवे.

दुसऱ्या बाजूला २००६ चा वनहक्क कायदा आहे. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांचा घरावर, शेतावर आणि वनोपजावर हक्क आहे असे तो मानतो, आणि तो अभयारण्यालाही लागू आहे. त्यात एक तरतूद फार उपयोगाची आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी, वीज, रस्ता अशा तेरा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमीन देता येते. अट अशी की एका सोयीसाठी जागा एक हेक्टरपेक्षा कमी हवी आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत. साध्या मराठीत सांगायचे तर, रान राखूनही दवाखाना बांधता येतो, असे कायदाच म्हणतो.

मग अडते कुठे? भीमगडच्या गावांतले बहुतेक लोक अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. अशा लोकांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपण रानात राहत होतो हे सिद्ध करावे लागते. म्हणजे १९३० सालचा पुरावा! त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. कागद असलाच तर त्या दप्तरातला, कदाचित मोडीत लिहिलेला. आजोबांनी तो पत्र्याच्या पेटीत ठेवला असेल आणि दहा मीटर पावसाच्या गावात वाळवीने तो शिल्लक ठेवला असेल तर ठीक.

आता राहावे की निघावे, या प्रश्नाकडे वळू. जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी बांबूची डोली करून, भर पावसात, रानातून कित्येक किलोमीटर खांद्यावरून गाडीरस्त्यापर्यंत आणले. ती बातमी राज्यभर गाजली आणि या गावांच्या पुनर्वसनाचा विषय पुन्हा वर आला. मे २०२५ मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांना स्वेच्छेने स्थलांतर करण्यासाठी सरकारतर्फे पहिल्या हप्त्याचे धनादेश देण्यात आले. कुटुंबामागे एकूण पंधरा लाख रुपये, त्यातले दहा लाख आधी आणि उरलेले गाव सोडल्यावर.

पंधरा लाख ही रक्कम थोडी की पुष्कळ? तालुक्याच्या गावी छोटेसे घर होईल. पण रानातल्या घराबरोबर भाताचे खाचर असते, गुरे असतात, परसातला फणस असतो, न विकत घेतलेले सरपण आणि पाणी असते. शहरात यातले प्रत्येक विकत घ्यावे लागते. आम्ही गेलो त्या घरात सासरे आणि सूनबाई यांचे एकमत नव्हते. सासरे म्हणाले, "पैसे खर्च होतील, जमीन खर्च होत नाही. आणि देवाला दिवा कोण लावणार?" सूनबाई चुलीपाशी होत्या, तिथूनच म्हणाल्या, "देव रानात राहील मामंजी. पोरगीला शाळा पायजे." दोघेही खोटे बोलत नव्हते. सासऱ्यांचे आयुष्य मागे होते, मुलीचे पुढे.

आपल्या राज्यात दोन्ही वाटांची उदाहरणे आहेत. चिकमगळूरकडच्या भद्रा अभयारण्यातून २००१-०२ च्या सुमारास चारशेहून अधिक कुटुंबे बाहेर आली. त्यांना नुसती रोकड दिली नाही; एम. सी. हळ्ळीसारख्या ठिकाणी शेतजमीन, घरे आणि सोयी दिल्या. म्हणून देशातल्या त्यातल्या त्यात बऱ्या पुनर्वसनात त्याची गणना होते. उलट चामराजनगर जिल्ह्यातल्या बिळिगिरिरंगन डोंगरात राहणाऱ्या सोलिग लोकांनी रान सोडले नाही. २०११ साली त्यांच्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. मध गोळा करणे, घाणेरीच्या काटक्यांपासून खुर्च्या-टेबले बनवणे अशी कामे ते करतात आणि वाघही तिथे आहेत. मात्र सोलिग ही अनुसूचित जमात आहे, त्यांना ७५ वर्षांची अट नव्हती, हा फरक विसरू नका. दुसऱ्याचे उदाहरण जसेच्या तसे आपल्याला लागू होत नसते.

आमचे मत विचाराल तर असे. जाणाऱ्याने आनंदाने जावे; त्याला जमिनीला जमीन मिळावी आणि मुलांना शाळेजवळ घर. राहणाऱ्याला कुणी ढकलू नये. पण हक्क आधी ठरावा आणि निवड मागून व्हावी. आपले काय आहे हेच ज्याला कागदावर दाखवता येत नाही, त्याची संमती ही अर्धी संमती. आणि साकवाच्या जागी पक्का पूल किंवा पावसाळ्यातल्या चार महिन्यांसाठी गावात एक परिचारिका, या गोष्टी पुनर्वसनाचा निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवणे आम्हाला पटत नाही. 'गाव उठणारच आहे, मग पूल कशाला' हे वाक्य आम्ही तिथे तीन घरांत ऐकले. गाव उठेपर्यंत तिथे माणसे आजारी पडायची थांबत नाहीत. हे मत चुकीचे वाटत असेल तर वर्गात खुशाल वाद घाला. वटवाघळाची बाजू मांडणाराही एक जण हवा.

शेवटी कामाचे. वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार पुरावा म्हणजे केवळ सरकारी कागद नव्हे. जुनी विहीर, जुन्या घराचे जोते, स्मशान, देवराई याही खुणा पुरावा म्हणून चालतात. दावा करणाऱ्याखेरीज गावातल्या वृद्धांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकिकतही चालते. मात्र एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात. तेव्हा रानातल्या गावांतून आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी दसऱ्याच्या सुट्टीत हे काम अंगावर घ्यावे. गावातल्या सर्वांत वयस्कर आजी-आजोबांपाशी बसा. त्यांच्या लहानपणी गावात किती घरे होती, विहीर कुणी खणली, देवाची जत्रा कधीपासून भरते, कुमरी कुठल्या डोंगरावर होती, ते त्यांच्याच शब्दांत लिहा. सुधारून लिहू नका. तारीख, सांगणाऱ्याचे वय आणि सही किंवा अंगठा घ्या. ग्रामसभेच्या वनहक्क समितीला त्याची एक प्रत द्यायची आहे. गावातून आलेली मुले थोडी आहेत, म्हणून प्रत्येकाबरोबर शहरातला एक मित्र जोडीला द्यायचे ठरले आहे. गावी जायला जमले नाही तर त्याने इथे बसून मजकूर स्वच्छ उतरवून काढावा. पेटीत मोडीतला कागद सापडला तर तो हाताळू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तसाच आणा. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी मोडी वाचतात.

बाकीच्यांसाठी पावसाचे काम. सरळ कडांचा रिकामा डबा गच्चीवर ठेवा, रोज सकाळी आठ वाजता पट्टीने पाणी मोजा, लिहा आणि डबा रिता करा. त्याच दिवसांचा कणकुंबीचा आकडा वर्तमानपत्रातून शेजारी लिहा. वह्या भूगोलाच्या शिक्षकांकडे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्याव्यात. नाल्याला पाणी असेल त्यांनी नंतर दिल्या तरी चालतील.